ठकीची मुलाखत कुणी तोडली?

१

मुलाखत ऐन रंगात आली होती आणि तेव्हाच ती तुटली.

परदेशातल्या विद्यापीठाची निवड समिती लॅपटॉपच्या पडद्यावर बसली होती. दोन प्राध्यापक आणि पांढऱ्या केसांच्या एक अध्यक्षीणबाई. डोळा रंग कसा ओळखतो, भिंग कुठे फसतं, अशा प्रश्नांना ठकी फडाफडा उत्तरं देत होती. एक प्राध्यापक तर खूश होऊन मान डोलवत होता. मग अध्यक्षीणबाई जरा पुढे वाकून काहीतरी बोलू लागल्या, आणि त्यांचं तोंड उघडं असतानाच चित्र गोठलं. ठकीने हॅलो हॅलो करून घसा कोरडा केला. वर पंखा फिरत होता, दिवा जळत होता, म्हणजे वीज शाबूत होती. नेट तेवढं गेलं होतं, आणि ते परत येईपर्यंत समिती उठून गेली होती.

मावशी आली ती अभिनंदन करायच्या तयारीत, आणि बघते तर घरावर सुतकी कळा. ठकी पलंगावर पालथी पडलेली. तिचा भाऊ, म्हणजे दादा, नेट कंपनीला फोनवर झापतोय. बाबा पॅसेजमध्ये उभे, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. आणि खुर्चीत, रुमालाने मान पुसत, परदेशी प्रवेशांचा सल्लागार. प्रत्येक पोराला तो "तुमचं हमखास होणार" असं सांगायचा, म्हणून गावभर त्याचं नाव हमखासच पडलं होतं.

"त्यांची मेल आली," हमखास म्हणाला. "उद्या दुपारी पुन्हा जोडणार आहेत. पण शेवटची संधी. उद्याही असं झालं तर जागा दुसऱ्याला."

"उद्या कसं होईल असं?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात दादाने फोन ठेवला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता.

"कंपनीवाला म्हणतो, लाइन क्षणभरही गेली नव्हती. आपला राउटर कुणीतरी बटण दाबून बंद केला आणि लगेच परत चालू केला. घरातूनच."

२

मावशीचा जन्म गेला परीक्षांच्या भरारी पथकात. कॉपी करणारं पोर कधी स्वतःच्या पेपरकडे बघत नाही, पर्यवेक्षकाकडे बघतं, हे तिचं पहिलं सूत्र. निवृत्त झाली तरी सवय जाते कुठे? लग्नकार्यातसुद्धा ती रांगांमधून फिरल्यासारखी फिरायची. आणि ठकी म्हणजे तिच्या गेलेल्या थोरल्या बहिणीची मुलगी, काळजाचा तुकडा. या पोरीच्या ताटात कुणी माती कालवावी आणि मावशीने गप्प बसावं, हे होणं शक्य नव्हतं.

आधी तिने पॅसेज बघितला. बाहेरच्या दारापासून ठकीच्या खोलीपर्यंत जाणारा अरुंद पॅसेज, चपलांचा स्टँड, वर फळीवर राउटर, आणि शेजारी बटणांचा एक अवाढव्य बोर्ड. त्यातली निम्मी बटणं कशाचीच नव्हती. कोणतं बटण राउटरचं, यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"बाहेरच्या माणसाने हे पहिल्या फटक्यात शोधलं असतं का?" तिने विचारलं.

"आम्हालाच सापडत नाही," ठकी नाक ओढत म्हणाली. "वहिनीने एकदा फ्रिज बंद केला होता, सगळं दूध नासलं."

"एकदाच," वहिनी फणकारली. "ते अजून पुरतंय यांना."

मावशीने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. वहिनी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. एकेकाळी तिलाही बाहेर शिकायला जायचं होतं, आणि ते लग्नात विरघळलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला वाटतंय मी केलं," वहिनी सरळच म्हणाली. "हेवा वाटतो मला, नाही म्हणत नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही कधीकधी. पण मावशी, तिचे सगळे सराव मीच घेतलेत. रोज. माझ्याच हाताने मी त्यावर पाणी ओतीन का? मी दुधापाशी उभी होते. फोनवरचं गाणं बंद पडलं तेव्हा मला कळलं नेट गेलं. दूध वर आलं होतं म्हणून मी हललेही नाही."

बोलताना वहिनी मावशीकडे बघतच नव्हती. ती गॅसच्या शेगडीकडे बघत होती, तिच्यावर दुधाचा एक थेंबही सांडलेला नव्हता. मावशीने मनातल्या मनात वहिनीच्या नावावर काट मारली, पण हलक्या हाताने.

दादा गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. मागच्याच आठवड्यात त्याने ठकीवर आरडाओरडा केला होता. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि भिंगं घासण्यात ठकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही गेली की दुकान कुणी बघायचं, हा त्याचा सवाल.

"ओरडलो, खरंय," तो म्हणाला. "ओरडलो म्हणून काय तिचा गळा कापीन? वरच्या मजल्यावर पोरं नाचत होती, त्यांना गप्प करायला गेलो. तेवढ्यात खालच्या सुताराने करवत सुरू केली. तसाच धाडधाड उतरलो. जिना मोकळा होता म्हणून बरं, नाहीतर कुणाच्या तरी अंगावरच पडलो असतो. सुताराला विचार, त्याच्या हातातून करवत ओढून घेतली मी."

मावशी तशीच खाली गेली. सुतार अजून धुसफुसत होता.

"ओढून घेतली हो बाई! आणि कडेवर पोर घ्यावं तशी घेऊन उभा राहिला. वरून पोरगी हॅलो हॅलो ओरडायला लागली तेव्हा कुठे दिली परत."

म्हणजे दादा सुटला. राहिले बाबा. ते तर सुरुवातीपासून दाराबाहेर जिन्यात बसले होते, कुणी बेल वाजवू नये म्हणून. बाहेरचं दार ओढून घेतलेलं. निदान ते स्वतः तसं सांगत होते. आणि त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे कहरच. ठकीच्या प्रवेशासाठी त्यांच्याइतकं कुणी झुरलं नव्हतं. शिवाय त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. मुलाखत चांगली चाललीय की वाईट, हेही त्यांना कळलं नसतं.

मावशी जिना चढू लागली आणि मध्येच थबकली. दादा वरून खाली आला होता, याच पायऱ्यांवरून. जिना मोकळा होता, तो म्हणाला होता.

मग बाबा कुठे होते?

३

तिने लगेच कुणाला काही विचारलं नाही. मनात पाल चुकचुकली होती, पण ती पाल तिला नको होती. घरी जाऊन ती पलंगावर पडली, कूस बदलत राहिली, आणि उजाडल्या उजाडल्या परत ठकीच्या उशाशी येऊन बसली.

"शेवटचा प्रश्न काय होता?"

"घरचंच काहीतरी होतं गं. वडील काय करतात, असलं."

"असलं नको. शब्द सांग."

ठकीने डोळे मिटले. "त्या पुढे वाकल्या. चेहरा एकदम मऊ झाला. 'सॉरी' म्हणाल्या. मला वाटलं आवाज नीट येत नसेल म्हणून. मग 'फादर' असं काहीतरी आलं, आणि गोठलंच."

"तू हेडफोन घातला होतास?"

"नाही. हमखास म्हणाले, कानात काही घातलं की त्यांना वाटतं कुणी उत्तरं पुरवतंय. आवाज मोठाच ठेवला होता."

"आणि हमखास स्वतः कुठे होता?"

"माझ्यासमोर. लॅपटॉपच्या मागे उभे राहून सारखे खुणा करत होते, हस, हस म्हणून." ठकी एकदम उठून बसली. "मावशी, एक गंमत सांगू? त्यांचा चेहरा पडला. पांढराफटक पडला. पण चित्र गोठायच्या आधी!"

मावशीची पाठ ताठ झाली. म्हणजे त्या माणसाला पुढे काय येणार ते माहीत होतं.

"तुझा निबंध कुठे आहे? मी कोण, मला का शिकायचंय, असा लिहून पाठवतात तो?"

"लिहिला मीच. आईच्या आजारपणात तिची नजर गेली, तेव्हापासून मला हे शिकायचंय, असा. मग हमखासांकडे दिला. ते त्यावर जरा हात फिरवतात आणि त्यांच्या ऑफिसातूनच पाठवतात. सगळ्यांचं तसंच असतं."

"पाठवण्याआधी तू वाचलास?"

ठकीने नजर वळवली. "त्यांनी सांगितलं, भाषा तेवढी सुधारलीय."

सगळं कॉलेज शिकलेली, मायक्रोस्कोपखाली केसाएवढा दोषही ओळखणारी पोर, आणि स्वतःच्या नावाने काय गेलं ते तिने वाचलं नव्हतं. मावशीला तिची कीव आली आणि रागही आला. ती तडक बाहेर पडली.

हमखासच्या ऑफिसात भिंतभर प्रवेश मिळालेल्या पोरांचे फोटो होते, सगळे अंगठा वर करून उभे. तो नुकताच शटर वर करत होता.

"निबंध दाखव," मावशी म्हणाली.

"तो गोपनीय असतो हो मावशी."

"मी वीस वर्षांच्या पोरांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढल्यात. तुझ्या कॉम्प्युटरमधून काढायला मला वेळ लागणार नाही. दाखव."

त्याने दाखवला. मावशी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. आईची नजर गेली, आई गेली, इथपर्यंत ठकीचं होतं. पुढच्या परिच्छेदात वडीलही गेले होते. त्यांच्या मागे ही अनाथ मुलगी बंद पडलेलं दुकान एकटी चालवत होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नजर वाटत होती.

मावशीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "जित्याजागत्या माणसाला मारलंस तू?"

"कागदावर हो!" हमखासला घाम फुटला. "आई गेली, एवढ्यावर आता भागत नाही मावशी. हल्ली अर्जाअर्जात कुणी ना कुणी गेलेलं असतं. समितीचं काळीज हलायला हवं. एक गेलेली आहेच, म्हटलं दुसरा गेला तर अर्जाला वजन येईल. आणि काम झालं की नाही? मुलाखतीपर्यंत पोचली की नाही?"

"आणि बाईंनी दुखवटा सुरू केला तेव्हा तुझं बिंग फुटणार होतं. ठकी म्हणाली असती, माझे बाबा तर बाहेर बसलेत. म्हणून राउटर बंद झाला."

"पण मी नाही केला! मी पोरीसमोर उभा होतो, तिलाच विचारा. जागचे माझे पायसुद्धा हलले नाहीत." हे खरं होतं आणि मावशीला ते माहीत होतं. हमखास तावातावाने पुढे म्हणाला, "आणि मी असा परस्पर कुणाला मारत नाही. रीतसर विचारूनच..."

त्याने जीभ चावली.

"कुणाला विचारून?" मावशीने विचारलं. हमखासने खिडकीबाहेर बघितलं.

४

चष्म्यांच्या दुकानात बाबा एकटेच होते. एक भिंग कापडाने पुसत होते, ते केव्हाच स्वच्छ झालं होतं तरी पुसतच होते.

"भावोजी, काल तुम्ही जिन्यात नव्हता," मावशी स्टूल ओढून बसली. "दादा वरून खाली धावला तेव्हा जिना रिकामा होता. बाहेर नव्हता म्हणजे आत होता. पॅसेजमध्ये, ठकीच्या दाराला कान लावून."

बाबांनी मान वर केली नाही.

"माझं काय चुकलं सांगू? ज्याने मुलाखत तोडली त्याला इंग्रजी येत असणार, असं मी धरून चालले. त्याने नेमका तोच प्रश्न ओळखला म्हणून. इंग्रजी येतं वहिनीला आणि हमखासला. वहिनी दुधापाशी होती. तिची शेगडी कोरडी आहे, ती हलली असती तर दूध उतू गेलं असतं. हमखास ठकीच्या डोळ्यांपुढे. मग अडले. पण इंग्रजी यायची गरजच नव्हती. निबंधात काय लिहिलंय ते माहीत असलं की झालं. मग 'सॉरी' आणि 'फादर' या दोन शब्दांवर काम भागतं, आणि ते दोन शब्द कुणाला कळत नाहीत? तुम्हीच बसवून घेतलेल्या त्या बोर्डावरचं बरोबर बटण माहीत असलेला, दाराशी असलेला, आणि स्वतः मेलोय हे ठाऊक असलेला माणूस घरात एकच होता."

बाबांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"तो विचारायला आला होता," ते म्हणाले. "म्हणाला, तुमची हरकत नसेल तर. मी म्हटलं, तिचं होत असेल तर मरतो की. हसलोसुद्धा. तिची आई खरी गेली, मी काय नुसता कागदावर. एवढंच सांगितलं, ठकीला कळू देऊ नका. तिला कळलं असतं तर तिने अर्ज फाडला असता."

"आणि काल?"

"काल ती बाई इतक्या मायेने बोलायला लागली गं. मला कळलं, माझंच चाललंय. आता ठकी बोलणार, बाबा आहेत म्हणून. सगळ्यांसमोर खोटी ठरणार. हात आपोआप गेला बटणावर." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सकाळपासून तिला सांगायला तोंड उघडतोय आणि मिटतोय. तूच सांग तिला. म्हणावं, एकदाच हो म्हण. एकदाच थँक्यू म्हण आणि पुढे जा. मला काही वाटणार नाही."

मावशीला त्यांचा इतका राग आला होता की दुकानातला आरसा उचलून आपटावासा वाटला. आणि त्याच वेळी आपल्या बहिणीने हा माणूस का निवडला तेही तिला स्वच्छ कळलं.

"मी नाही सांगणार," ती उठली. "तुम्ही जिवंत आहात, तुमचं तुम्ही सांगा. चला, वेळ नाही."

५

बाबांनी सांगितलं. पॅसेजमध्ये उभ्याउभ्याच, चपलांच्या स्टँडकडे बघत. ठकीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिचा चेहरा नुसता कोरा होत गेला, आणि मावशीला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दादाच चवताळला. "त्या हमखासचे दात घशात घालतो!" हमखास स्वतः फोनवरून विनवत होता की तेच पुढे चालवा, जरा डोळ्यात पाणी आणा, हमखास होणार. ठकीने फोन बंद केला. वहिनीने तिच्या केसांची बट कानामागे सारली आणि विचारलं, "काय करणार?"

"माहीत नाही," ठकी म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं. हो म्हटलं तर जागा मिळत होती. इतक्या वर्षांची धडपड, रात्ररात्र अभ्यास, सगळं त्या एका शब्दापलीकडे उभं होतं. तो शब्द म्हणायला सेकंदही लागणार नव्हता.

दुपारी पडदा उजळला. मावशी राउटरखाली पहारा देत उभी होती. अध्यक्षीणबाई हसल्या, कालच्या गोंधळाबद्दल काही बोलल्या, आणि मग पुन्हा तशाच मऊ आवाजात म्हणाल्या, "पुढे जाण्याआधी, तुझ्या वडिलांबद्दल वाचून आम्हाला फार वाईट वाटलं."

ठकी पडद्याकडे बघत राहिली. एक प्राध्यापक खाकरला.

मग ठकी खुर्चीवरून उठली आणि पडद्याबाहेर गेली. पॅसेजमध्ये बाबा भिंतीला टेकून उभे होते. तिने त्यांचा हात धरला. ते मान हलवून नाही नाही म्हणत होते, पण पोरीच्या हातात जोर होता. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, लॅपटॉपसमोर, आणि स्वतः मागे उभी राहिली.

"हे माझे वडील," ती इंग्रजीत म्हणाली. "निबंधातला तो परिच्छेद मी लिहिलेला नाही. पण तो माझ्या नावाने गेला, आणि मी वाचला नाही. ती चूक माझी."

बाबांनी पडद्याला हात जोडले.

"ठके, सांग त्यांना," ते घाईघाईने म्हणाले. "म्हणावं, मी मेलो असं लिहायला मीच हो म्हटलं होतं. हिला काही ठाऊक नव्हतं. हिला शिक्षा करू नका."

ठकीने तोंड उघडलं पण तिला एक शब्दही बोलवेना. तेव्हा वहिनी दारातून पुढे आली, ठकीच्या शेजारी उभी राहिली आणि बाबांचं वाक्य जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता, स्वच्छ इंग्रजीत सांगून मोकळी झाली.

समितीने थोडा वेळ मागितला. पडदा काळा झाला. घरात कुणी बसेना. दादा गॅलरीत आणि आत असा फिरत होता, मावशी बोर्डाची बटणं उगाच मोजत होती.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. चुकीची माहिती असलेला अर्ज यंदा धरता येणार नाही. नियम आहे. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा, स्वतः लिहून. आम्ही तो वाचू. त्यांनी बाबांना नमस्कारासारखं काहीतरी केलं, आणि पडदा विझला.

बाबांना शब्द कळले नव्हते, पण एवढं कळायला शब्द लागत नाहीत. "गेलं ना?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"माझ्यामुळे गेलं. एवढंच बोलायचं होतंस गं, मी नसलो असतो तरी काय बिघडलं असतं..."

तेव्हा मात्र ठकी फुटली. तिने बाबांचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले.

"पुन्हा माझ्यासाठी मरायचं नाही," ती ओरडली. "कागदावरसुद्धा नाही. समजलं?"

"समजलं," बाबा म्हणाले, आणि तिने त्यांच्या छातीवर डोकं टेकून सकाळपासून अडवून धरलेलं रडू एकदाचं सोडलं.